पान चारशे बारापर्यंतचा आवाज

आत्याचा आवाज चांगला होता आणि ते तिला ठाऊक होतं. उगाच लाजायचं सोंग तिने कधी केलं नाही. एकतीस वर्षं तिने टेलिफोनच्या चौकशी खात्यात काढली होती. लोक नाव सांगायचे, ती नंबर सांगायची. दिवसाकाठी चारशे-पाचशे माणसं कानात बोलून जायची, चेहरा एकाचाही माहीत नाही. काही जण नुसता तिचा आवाज ऐकायला पुन्हा फोन करायचे. अशांना ती इतक्या कोरड्या सुरात विचारायची, "लिहून घेतलात का?" की समोरचा मुकाट्याने फोन ठेवायचा.

मग ते खातंच बंद झालं. सगळे नंबर लोकांच्या खिशात जाऊन बसले, आत्याला कोण विचारतो! ती निवृत्त होऊन घरी आली. वडील होते तोवर त्यांच्याशी बोलणं व्हायचं. खोटं कशाला बोला, बोलणं म्हणजे भांडणच, पण तेवढं तरी होतं. ते गेले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत गळक्या नळाखेरीज कोणी तोंड उघडेना. लग्न तिने केलं नव्हतं. का, ते विचारायची सोय नव्हती. विचारलंत, तर ती तुमच्याच लग्नाची उलटतपासणी सुरू करायची.

शेवटी भावाच्या मुलीने तिला उचललं आणि अंधांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणाऱ्या एका ग्रंथालयात नेऊन बसवलं. "आत्या, भिंतीशी बोलण्यापेक्षा माइकशी बोल," म्हणाली. भाची पुढे नोकरीसाठी जगाच्या दुसऱ्या टोकाला गेली, पण जाताना नाव मागे ठेवून गेली. ग्रंथालयातले सगळेच तिला आत्या म्हणायला लागले. अकरा वर्षं झाली त्याला.

सोमवार आणि गुरुवार, सकाळी दहा ते पावणेबारा. खोली जेमतेम पलंगाएवढी. भिंतींना राखाडी स्पंज, टेबलावर जाड लोकरी कापड, दार बंद केलं की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. आत पंखा नाही, मनगटावर घड्याळ नाही, पायात चपला नाहीत. काचेपलीकडे यंत्रापाशी एक पंचेचाळिशीची बाई बसायची. तिला सगळे बटणवालीच म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. आत्या वाचताना अडखळली, खुर्ची वाजली, पान सरसरलं, की बटणवाली बटण दाबायची आणि आत्याच्या कानातल्या हेडफोनमध्ये 'टिक' वाजायचं. टिक म्हणजे ते वाक्य पहिल्यापासून.

तयार झालेलं रेकॉर्डिंग दर बुधवारी एक गृहस्थ ऐकत. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. उभा जन्म त्यांनी वाद्यं सुरात लावून देण्यात घालवला होता आणि ग्रंथालयात त्यांना कानसाहेब म्हणत. त्यांनी 'चालेल' म्हटल्याशिवाय एकही पुस्तक बाहेर जात नसे. आत्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ती सोमवारची आणि गुरुवारची, ते बुधवारचे. पुस्तक उघडून बसलेल्या मदतनिसाकडून टाइप करून घेतलेल्या त्यांच्या चिठ्ठ्या मात्र यायच्या. 'पान ३०९, ओळ चौथी, खुर्ची कुरकुरली.' 'पान ३२०, परिच्छेद दुसरा, उसासा. पुस्तकातला नाही, वाचणाऱ्याचा.' आत्या चिठ्ठी वाचून चिडायची आणि मुकाट्याने दुरुस्ती करायची. माणूस खडूस होता, पण बरोबर होता.

सध्या तिच्या हातात एक दांडगी कादंबरी होती. जहाजं बांधणाऱ्या एका घराण्याची गोष्ट, सहाशे चाळीस पानं. सात महिने घासून आत्या पान चारशे बारापर्यंत आली होती. आणि तिथेच घोडं अडलं.

आधी चिठ्ठी आली. 'पान ४०८ ते ४१२, श्वास घरघरतो. घसा नव्हे, छाती. बघून घ्या.' आत्या बटणवालीला म्हणाली, "आता हा माणूस डॉक्टरकीसुद्धा करायला लागला का गं?" दोन दिवसांनी ती तापाने फणफणली होती.

ताप सहा दिवस राहिला. घशात कापसाचा बोळा फिरवून तपासणी झाली, विषाणूचा संसर्ग निघाला, औषधं झाली. ताप उतरला, पण खोकला चार आठवडे मुक्कामाला राहिला. खोकून खोकून बरगड्या दुखायच्या. मधे एकदा भावजयीचा फोन आला. "वन्सं, एकट्या कशाला राहता? या की इकडे." वहिनी बोलवायची तेव्हा आग्रह असायचा, पत्ता असायचा, फक्त तारीख कधी नसायची. आत्या म्हणाली, "येईन हं," आणि दोघींचाही जीव भांड्यात पडला.

खोकला गेला त्या आठवड्यात पोटाने डोकं वर काढलं. दोन घास खाल्ले की पोट तुडुंब. तिसरा घास गळ्याशी येऊन उभा राहायचा. दुपारचा भात संध्याकाळीही जागेवरच आहे असं वाटायचं. मळमळ, जडपणा, मधूनच पोटात कळ. आणि आवाज! गुरगुर, गुळगुळ, मग एकदम मोठं घरंगळणं, जिन्यावरून कोणी पिंप सोडल्यासारखं. घरी तिने त्याचं काही मनावर घेतलं नाही. उलट पहिल्या दिवशी ती पोटाला म्हणालीसुद्धा, "बोल बाबा, कोणीतरी बोल."

पण ग्रंथालयात? तिथे दाराशेजारी काचेच्या चौकटीत नियम लावलेला होता. एक पुस्तक, एक आवाज. वाचक आठ आठवड्यांत परतला नाही, किंवा परतल्यावर आवाज मागच्याशी जुळला नाही, तर आधीचं सगळं पुसायचं आणि पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचून घ्यायचं. असं पुस्तक आजवर नेहमी दुसऱ्या वाचकाला गेलं होतं, आणि पहिल्याचं नाव यादीच्या तळाशी. यादीत तेवीस जण होते, खोल्या दोन. यादीच्या तळापासून वर यायचं म्हणजे दोन वर्षं तरी कुठे गेली नाहीत. आत्या तेव्हा चौसष्टची होती.

चारशे बारा पानं जातील याचं दुःख होतंच. पण खरी धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची. सोमवार आणि गुरुवार गेले तर आठवड्यात उरतं काय? तिने खरंच मोजून पाहिलं होतं. आजारपणातला एक आख्खा आठवडा असा गेला होता, की ती फक्त औषधाच्या दुकानदाराशी बोलली होती. एकूण शब्द पाच. 'दोन पट्ट्या द्या. पिशवी नको.'

सातव्या आठवड्यातल्या सोमवारी ती हजर झाली. बटणवालीने दार उघडलं आणि बघतच राहिली. "अहो आत्या, किती वाळलात!"

"तुझं सगळं जागच्या जागी आहे ना? मग चल, सुरू कर."

पान चारशे तेरा. आत्या पाणी प्यायली, तिने श्वास घेतला, पहिलं वाक्य घेतलं. थोरला भाऊ बंदरावर उभा राहून धाकट्याला निरोप देतो, असा गंभीर प्रसंग. धाकटा बोटीत पाय टाकतो आणि आत्याचं पोट म्हणालं, गुर्रर्रर्र.

टिक.

पुन्हा बंदर, पुन्हा निरोप. यावेळी बोट सुटली, थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याबरोबर आत्याच्या पोटात कुठलीशी मोरी वाहिली.

टिक.

काचेपलीकडे बटणवालीने तोंडावर हात धरला होता. आत्यालाही हसू फुटलं. दोघी पोट धरून हसल्या, आणि हसताना आणखी दोनदा वाजलं. अकराव्या टिकला मात्र कोणी हसत नव्हतं. पावणेबारा वाजले तेव्हा सव्वा पान झालं होतं.

"रेकॉर्डिंगमधून काढता येणार नाही का गं?" आत्याने विचारलं.

"शब्दांच्या मधे असतं तर काढलं असतं. हे शब्दांच्या खाली आहे. ते काढायला गेलं की शब्दच जातो."

गुरुवारीही तेच. मग आत्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरीण तरुण होती. "काय होतंय, आजी?" तिने विचारलं.

"एक तर मी कोणाची आजी नाही. आणि पोट गप्प बसत नाही."

दुर्बीण घालून झाली, रक्त तपासून झालं, बऱ्याच चाचण्या झाल्या. गाठ नाही, व्रण नाही, सगळं साफ. डॉक्टरीण म्हणाली, "विषाणू छातीत आला आणि गेला. पण कधी कधी जाता जाता तो पोट चालवणाऱ्या नसांना दुखवून जातो. तुमचं जठर सुस्तावलंय. खाल्लेलं वेळेवर पुढे ढकलत नाही, आतड्यांचा ताल बिघडलाय. बहुतेकांचं सुधारतं, पण महिने लागतात. कोणाला वर्षही लागतं."

"वर्ष?" आत्याने विचारलं.

"औषध देते. पण खरं काम खाण्याचं आहे. दोन मोठी जेवणं बंद. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, मऊ, तेल-तूप कमी. उपाशी अजिबात राहायचं नाही. आणि सावकाश खायचं. आत्ता जेवायला किती वेळ लागतो?"

आत्याने विचार केला. "सात मिनिटं."

"अर्धा तास लावा. प्रत्येक वेळी."

"अर्धा तास? सहा वेळा? म्हणजे दिवसाचे तीन तास मी नुसती जेवत बसू? कोणाबरोबर?"

डॉक्टरीण बिचारी औषध किती वेळा घ्यायचं ते लिहायला लागली.

आत्याने प्रयत्न केला, नाही असं नाही. वाटीभर मऊ भात घेऊन ती टेबलाशी बसायची आणि समोर घड्याळ ठेवायची. एक घास खाल्ला, चावला, गिळला. अजून एक मिनिटही नाही. आता दुसऱ्या घासापर्यंत काय करायचं? घरात चार माणसं असली की कोणी मीठ मागतं, कोणी कोणाची तक्रार करतं, एखादा रुसतो, आणि घासांमधली जागा आपोआप भरते. इथे समोर भिंत. वडिलांची खुर्ची होती, पण तिच्यावर इस्त्रीचे कपडे. चौथ्या घासाला आत्याला वाटलं, आपण जेवत नाही, कोणाची तरी वाट बघतोय. कोणी येणार नाही हे माहीत असताना वाट बघायची म्हणजे मूर्खपणा. तिने वाटी दोन मिनिटांत संपवली आणि मग तासभर पोट धरून पडून राहिली.

आणि मग तिच्या डोक्यात एक युक्ती आली. अकरा वर्षं माइकसमोर बसलेल्या माणसाच्याच डोक्यात येईल अशी. डॉक्टरीण म्हणते, खाल्लेलं पुढे सरकत नाही. मग आत काही टाकलंच नाही तर वाजेल काय? सोमवारी आणि गुरुवारी वाचन होईपर्यंत कडकडीत उपास. आदल्या संध्याकाळीही नुसतं पातळ सूप. डॉक्टरिणीच्या सांगण्याकडे तिने सरळ कानाडोळा केला.

पहिल्या दिवशी कळलं की रिकामं पोट भरल्या पोटापेक्षा जास्त वाचाळ असतं. कावळे ओरडतात म्हणतात ना, तो शुद्ध अनुभव. पण आत्या हार मानणारी नव्हती. पुढच्या खेपेला ती घरून उशी घेऊन आली. पोटावर उशी, उशीवरून जुनी शाल घट्ट आवळून पाठीशी गाठ. बटणवालीला म्हणाली, "हसलीस तर बघ."

बटणवाली हसली नाही. तिने चाचणी घेतली. पोट वाजत होतं, पण उशीत विरत होतं. माइकपर्यंत काही पोचेना.

असे पाच आठवडे गेले. उपाशी पोटी, पोट आवळून, भोवळ आली तर टेबलाची कड धरून आत्या वाचत होती. पान चारशे वीस. पंचवीस. एकतीस. टिक कमी झाल्या होत्या. वजन सात किलोंनी उतरलं होतं, ब्लाउज खांद्यावरून घसरत होते, जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबावं लागायचं. पण एकोणीस पानं झाली होती! बटणवाली एकदा दबकत म्हणाली, "आत्या, जरा खाऊन या ना." आत्या म्हणाली, "पान सहाशे चाळीसला खाईन."

ती एकोणीस पानं कानसाहेबांकडे गेली. आत्याने बुधवारपासून चिठ्ठीची वाट पाहिली. सोमवारी बटणवालीने ती हातात ठेवली, पण नजर चुकवली. एरवी चिठ्ठीत दहा-बारा ओळी असायच्या. यावेळी एकच होती. 'आवाज जुळत नाही. गुरुवारी दहाला येतो.'

आत्याने चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि त्या दिवशी न वाचताच घरी गेली.

गुरुवारी ती पोचली तेव्हा कानसाहेब यंत्रापाशी बसले होते. पांढरी काठी गुडघ्यांत, डोक्यावर केस नाहीत, अंगात इस्त्रीचा शर्ट. आत्याने मनात काहीतरी उंच आणि उग्र माणूस उभा केला होता. हे तर बुटके निघाले.

"बसा," ते म्हणाले. "सांगण्यापेक्षा ऐकवतो."

त्यांनी बटणवालीला खूण केली. आधी पान चारशे बाराचं शेवटचं वाक्य लागलं, लगेच पाठोपाठ चारशे तेराचं पहिलं. आत्याने हेडफोन कानाला लावला होता. किंचित घरघर होती, तरी चारशे बाराच्या पानावर एक भरलेल्या अंगाची, स्वतःवर खूश असलेली बाई वाचत होती. चारशे तेरावर दुसरीच कोणीतरी. पातळ, वरच्यावर श्वास घेणारी, प्रत्येक वाक्य संपेल की नाही अशी धास्ती असलेली. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. आत्याला त्या पहिल्या बाईचा हेवा वाटला आणि दुसरीची कीव आली, आणि दोन्ही एकदम झाल्याने डोळे भरून आले.

"पोट बांधून वाचलंय तुम्ही," कानसाहेब म्हणाले. "आणि उपाशी."

"बांधलं नसतं तर पोटाचा आवाज आला असता."

"आला असता. पण वाचायचा आवाजही तिथूनच येतो, बाई. तो दाबलात की हाही दबला."

"सोडून वाचते मग. आत्ता वाचते!"

तिने उशी बाहेरच ठेवली, खोलीत गेली, अर्धं पान वाचलं. पोट तीनदा वाजलं. ते सोडा, पण बाकीच्या ओळींतही ती पहिली बाई काही परत आली नाही. सात किलो कुठून आणणार होती लगेच? आत्या बाहेर आली ती समजूनच.

"बरं वाटल्यावर जुळेल कदाचित," कानसाहेब म्हणाले. "पण त्याला वर्ष लागेल, आणि लोक पुस्तकाची वाट बघतायत. मला 'चालेल' म्हणता येत नाही. पुसावं लागेल."

बटणवाली मधे पडली. "साहेब, ऐकणाऱ्यांना थोडंफार चालतं हो. आत्यांनी किती हाल काढलेत ते मी बघितलंय."

"हाल काढले म्हणून आवाज जुळत नाही," कानसाहेब म्हणाले, आणि ते त्यांना बोलायला जड गेलं हे दिसत होतं.

आत्या दाराशेजारच्या चौकटीकडे बघत होती. अकरा वर्षं ती त्या काचेवरून गेली होती, पण नियम म्हणून तो तिने आज वाचला. मग चौकशी खात्यातल्या त्या कोरड्या सुरात म्हणाली, "यात पहिल्या पानापासून पुन्हा वाचायचं असं लिहिलंय. दुसऱ्या माणसाने वाचायचं, असं कुठे लिहिलंय?"

बटणवालीने वाकून चौकट वाचली.

"तशी पद्धत आहे," बटणवाली म्हणाली.

"पद्धत काचेत लावलेली नाही. पुसा तुम्ही. मी वाचते, पहिल्या पानापासून, आहे या आवाजात."

कानसाहेबांनी मान तिरकी केली. "आणि मधेच पोट बरं झालं, आवाज भरला, तर? पुन्हा नाही जुळणार."

"एका पानावरून दुसऱ्या पानावर उडी मारली तर नाही जुळत. हळूहळू भरला तर कोणाला कळणार नाही. सहाशे पानांत माणूस थोडा म्हातारा होतो, थोडा बरा होतो. तेवढं पुस्तकाला चालतं."

कानसाहेब थोडं हसले. "हे खरं आहे. पण पोट वाजणार, टिक होणार. सात महिन्यांचं काम वर्षभर चालेल."

"चालू दे."

"तब्येत ही अशी. वय हे असं. तुमची सात महिन्यांची मेहनत पुसून वर हा वर्षाचा व्याप. कशासाठी? पुस्तक कोणीही वाचेल."

आता खरं तर आत्याने काहीतरी ठेवणीतलं बोलायचं. ग्रंथालयाची सेवा, अंध बांधव, वाचनाची आवड. अशी वाक्यं तिने मुलाखती दिल्यासारखी अनेकदा बोलून दाखवली होती. पण त्या दिवशी तिला उभं राहवत नव्हतं, सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि पोटातलं ओठावर आलं.

"मला बोलायला कोणी नाही हो," ती म्हणाली. "पुस्तक कोण ऐकतं, ऐकतं की नाही, याच्याशी मला देणंघेणं नाही. रागवा हवं तर. मला आठवड्यातले दोन दिवस बोलायला मिळतात, ते इथे. ते गेले तर मी घरात बसून काय करू? चारशे बारा पानांचं मला काही नाही. पुसा. उलट पुसलीत तर वर्ष मिळतंय मला."

बोलून झालं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बटणवाली यंत्राकडे बघत राहिली. काठीच्या मुठीवर कानसाहेबांचा अंगठा फिरत होता.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"दर सोमवारी आणि गुरुवारी शेवटचं पान तुम्ही हळू वाचता. पावणेबारा जवळ आले की तुमची वाक्यं लांबतात. दोन शब्दांच्या मधे थांबता. अकरा वर्षं. पहिल्या वर्षी चिठ्ठी लिहिली होती मी. 'शेवटच्या पानाचा वेग जुळत नाही.' मग फाडून टाकली."

हे आत्याचं तिलाही माहीत नव्हतं. कोणीतरी दर बुधवारी बसून तिचं घरी जायला टाळाटाळ करणं ऐकत होतं, आणि त्यावर काही बोलत नव्हतं.

"एक अट," कानसाहेब म्हणाले. "उपाशी वाचलेलं मला कळतं. ते मी पास करणार नाही. दर वीस मिनिटांनी थांबायचं, बाहेर येऊन थोडं खायचं."

"माझ्या डब्यातलं चालेल त्यांना," बटणवाली घाईने म्हणाली. "उकडलेले बटाटे आहेत आज."

मग तिने यंत्राकडे वळून विचारलं, "पुसू?"

"पुस," आत्या म्हणाली.

यंत्राने पडद्यावर एकदा विचारलं, नक्की का? बटणवालीने हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा हो. आत्याला वाटलं होतं सात महिने पुसायला निदान काही मिनिटं लागतील. ती खुर्चीत नीट बसेपर्यंत झालंसुद्धा. पडदा मोकळा झाला. ती भरलेल्या अंगाची बाई गेली, आणि ती पुन्हा येईल याची खात्री डॉक्टरिणीनेही दिली नव्हती. आत्याला रडू आलं ते तिने लपवलं नाही.

दोन बटाटे तिने सावकाश खाल्ले. शेजारी बटणवाली मुलांच्या शाळेबद्दल कुरकुर करत होती, कानसाहेब मधेच काहीतरी खोचक बोलत होते. डबा बंद केला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते.

"आज आता पंधराच मिनिटं उरली," बटणवाली म्हणाली. "सोमवारपासून करायचं का?"

"पंधरा तर पंधरा," आत्या म्हणाली आणि आत गेली.

दार बंद झालं. कानात दडे बसले. काचेपलीकडे कानसाहेब उठले नव्हते. त्यांनी चाचपडत दुसरा हेडफोन शोधला आणि कानावर चढवला. अकरा वर्षांत आत्या वाचत असताना नुसतं ऐकायला कोणी समोर बसलं नव्हतं. पाणी पिऊन तिने पहिलं पान उघडलं आणि सुरुवात केली. पहिलंच वाक्य चुकलं. टिक वाजायच्या आत तिने ते पुन्हा घेतलं.